डाव्या हाताचं माप

“बाही वर कर आणि काकूंना हात दे,” आक्का म्हणाल्या, आणि सतरंजीवर बसलेल्या बायकांच्या माना आमच्याकडे वळल्या.

ज्या काकूंना हात द्यायचा होता ती मी. विट्याच्या बाजारपेठेत आमचं बांगड्यांचं दुकान आहे. लग्नघरी चुडा भरायला मीच जाते, पद्माकाकू म्हटलं की सगळे ओळखतात. त्या दिवशी मी माणिकराव म्हेत्र्यांच्या घरी होते. यंत्रमागवाले, माणसांनी भरलेलं घर. थोरल्या प्रज्ञाचं दुसऱ्या दिवशी लग्न, दुपारी हळद, म्हणून सकाळीच चुडा. नवरीचे दोन्ही हात हिरवेगार भरून झाले होते आणि आता घरातल्या बाकीच्यांची पाळी होती. लग्नघरात एकही बाई, एकही पोर मोकळ्या हातांनी राहत नाही, ही आमच्याकडची रीत.

माझ्यासमोर पाटावर बसली होती नवरीची धाकटी बहीण केतकी. बारावीची मुलगी. लातूरला क्लाससाठी होस्टेलवर राहायची, लग्नाला म्हणून घरी आलेली. ही पोर माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. लहानपणी शाळा सुटली की दुकानात यायची आणि भातुकलीसाठी फुटक्या काचा मागायची. मी काचा काही द्यायची नाही, लाखेच्या बांगड्यांचे तुकडे द्यायची, की एवढ्यावर खूश होऊन उड्या मारत जायची. आणि आता वैशाखातल्या उन्हात पंजापर्यंत बाह्या असलेला कुडता घालून, मान खाली घालून बसली होती.

त्या बाह्यांवरूनच सगळं रामायण. आक्का म्हणजे माणिकरावांच्या थोरल्या बहीण. चार दिवस आधी येऊन घर ताब्यात घेणाऱ्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. पोरगी अंघोळ करून येते तीही पुऱ्या बाहीत, जेवताना बाही भिजली तरी दुमडत नाही, हे त्यांनी हेरलं आणि निकालही लावून टाकला. पोरीनं तिकडं कुणाचं तरी नाव मनगटावर गोंदवून घेतलंय. त्यांच्या नणंदेच्या मुलीनं तसंच केलं होतं म्हणे, आणि तिचं जमलेलं लग्न त्यापायी मोडलं होतं. तेव्हापासून आक्कांनी धसका घेतलेला. सकाळी मी पेटी घेऊन आले तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. तुमच्यासमोर तिला हात उघडावाच लागेल, नाव कुणाचं आहे तेवढं वाचून मला सांगा, असं म्हणाल्या. मी म्हटलं, आक्का, मी बांगड्या भरते, पंचनामा करत नाही. पण खोटं कशाला बोलू, कुतूहल मलाही होतंच.

उजवा हात तिनं निमूट दिला. मी साबणाचं पाणी लावलं आणि नेहमीसारखं म्हटलं, “हात सैल सोड, बाळा.” हे वाक्य मी दिवसभर म्हणत असते. बांगडी अंगठ्याच्या हाडाशी आली की भल्याभल्या हात आवळतात. पण थोड्या वेळानं, गप्पा मारल्या, थट्टा केली की हात सुटतो. केतकीचा सुटेना. लाकूड धरल्यासारखा हात. कशाबशा बांगड्या चढवल्या.

डावा हात मागितला तर म्हणाली, “डाव्यात नको काकू, घड्याळ घालते मी.” तेव्हाच आक्का येऊन उभ्या राहिल्या आणि बाही वर कर म्हणाल्या.

मी तिचा डावा हात घेतला. माझ्या सासूबाईंनी मला हा धंदा शिकवताना एकच गोष्ट दटावून सांगितली होती. हात एकदा हातात घेतला की बांगडी चढेपर्यंत सोडायचा नाही. मधेच सोडलास तर बाई घाबरते आणि पुन्हा हात देत नाही. म्हणून मी तो घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं बाही जरा वर सरकवली.

नाव नव्हतं. मनगटाच्या आत, एकाखाली एक, रेघा होत्या. काही जुन्या, पांढऱ्या पडलेल्या. काही ताज्या.

मी खाली वाकून बसले होते म्हणून ते फक्त मला दिसलं. एवढे हात धरले आयुष्यात. चुलीवर पोळलेले, मागावर कापलेले, काट्यांनी ओरबाडलेले. हे तसलं काही नव्हतं, एवढं मला कळलं. वर बघितलं तर केतकी माझ्याकडे बघत होती. नुसती डोळ्यांनी नको म्हणत होती.

“काय काकू? नावच आहे ना?” आक्का.

मी बाही खाली ओढली. तोंडात जे आलं ते बोलले. “नाव नाही न् काही नाही. डावा हात नाजूक आहे हिचा. दोन-दोनचं माप लागेल आणि माझ्या पेटीत तेवढ्या लहान नाहीत. दुकानात आहेत. चल गं माझ्याबरोबर.”

आक्का म्हणाल्या, कुणाला तरी पाठवून मागवून घ्या, पोरगी कशाला जायला पाहिजे. मी म्हटलं, माप हातावरच बघावं लागतं, अंदाजानं आणलेली बांगडी उद्या ऐन अक्षतांच्या वेळी पिचली तर तुम्हाला चालेल का? झालं. लग्नात बांगडी पिचणं म्हणजे केवढा अपशकुन. आक्का दोन पावलं मागं सरकल्या. मी पेटी तिथंच टाकली आणि केतकीला घेऊन निघाले. हात सोडला नाही. गल्लीतून, मारुतीच्या देवळावरून, भर बाजारातून तिचा हात धरून चालले. लोक म्हणत असतील, ही कासारीण एवढ्या मोठ्या पोरीला बालवाडीत घेऊन चाललीय की काय.

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, पंखा लावला, तिला स्टुलावर बसवून पाणी दिलं. आणि मग मला कळेना काय बोलावं. राग नव्हता आला. भीती वाटत होती, आणि त्या रेघांवर फुंकर घालावी असं वाटत होतं. शेवटी मी एवढंच विचारलं, “दुखतं का गं?”

हा प्रश्न तिला अपेक्षित नसावा. का केलंस, कुणासाठी केलंस, असलं काहीतरी ऐकायची तिची तयारी होती. तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती रडायला लागली. मी रडू दिलं.

मग हळूहळू बोलली. क्लासमध्ये डोक्यात काही शिरत नाही. प्रत्येक परीक्षेत मार्क खाली. झोप लागत नाही, जेवण जात नाही. घरी फोन आला की सगळं मस्त चाललंय म्हणून सांगते, कारण पप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, ही आमची डॉक्टर. छातीत कोंडायला लागलं की असं करते, मग जरा वेळ शांत वाटतं आणि नंतर स्वतःचीच लाज वाटते. पण नुसत्या अभ्यासामुळं नाही, असंही म्हणाली. का ते तिलाच नीट सांगता येत नव्हतं. असं करू नये बाळा, आईबापाचा विचार कर, हे सगळं जिभेवर आलं होतं. गिळलं.

माझी भाची मीनल मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स आहे. ती एकदा बोलता बोलता म्हणाली होती, मावशी, असं कुणाचं लक्षात आलं तर आडून आडून विचारू नये, सरळ विचारावं. विचारल्यानं नसलेलं मनात येत नाही, उलट असलेलं बाहेर येतं. ते मला तेव्हा आठवलं. आठवलं तरी विचारायला जीभ रेटेना. देवाचं नाव घेतलं आणि विचारलं.

“केतकी, मरावंसं वाटतं का तुला?”

ती भिंतीवरच्या बांगड्यांच्या माळांकडे बघत राहिली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, “ताईचं लग्न होऊ दे म्हटलं.”

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. ही पोर लग्नासाठी थांबली होती. बहिणीच्या लग्नात विघ्न नको, एवढ्यासाठी. सगळं घर परवाच्या सत्यनारायणाची तयारी करत होतं आणि हिच्या मनात परवा नव्हताच.

“आईला सांगू नका,” ती म्हणाली. “तुम्हाला माझी शपथ आहे.”

“शपथ सुटली म्हण,” मी म्हटलं. “मी सांगणार. पण तुझ्या माघारी नाही, तुझ्यासमोर. आणि तुझ्यावर कुणी ओरडलं तर त्याला आधी माझ्याशी गाठ आहे. मी आहे ना इथं? मग?”

ती हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. मी फोन करून तिच्या आईला, शैलावहिनींना, बोलावून घेतलं. मापाचा घोळ आहे, तुम्हीच या, असं सांगितलं. त्या आल्या त्या वैतागूनच. हाताला हळद, पदर खोचलेला, घरात पाहुण्यांचा खोळंबा. मी केतकीला विचारलं, दाखवूया का? तिनं स्वतःच बाही वर केली.

शैलावहिनी जमिनीवर बसल्या. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, “काकू, उद्याचं लग्न तेवढं पार पडू दे. पाचशे माणूस येणार आहे. परवा उठल्या उठल्या पहिलं काम हेच. हिला डॉक्टरांकडे नेते.”

बाई वाईट नव्हती. लग्नघरातल्या कुठल्याही आईच्या तोंडून हेच आलं असतं. मांडव पडला की सगळं पुढचं परवावर जातं, आजारपणसुद्धा. पण मी केतकीकडे बघितलं. ती रडायची थांबली होती. चेहरा एकदम शांत झाला होता, आणि त्या शांतपणाची मला जेवढी भीती वाटली तेवढी रेघांचीही वाटली नव्हती.

“वहिनी,” मी म्हटलं, “तीपण हेच म्हणतेय. ताईचं लग्न होऊ दे. तुम्ही परवापासून सुरू करायचं म्हणताय, आणि ती परवा संपवायचं म्हणतेय. कळतंय का मी काय बोलतेय ते?”

वहिनींनी लेकीकडे बघितलं. केतकीनं मान खाली घातली. त्या एका मान खाली घालण्यानं त्या आईला सगळं कळलं. तिनं हळदीचे हात तसेच पुढं केले, पोरीला ओढून पोटाशी धरलं आणि म्हणाली, “तुझ्यावाचून कसलं लग्न गं. खड्ड्यात जाऊ दे लग्न.” केतकीच्या पांढऱ्या कुडत्यावर पिवळे पंजे उमटले. एवढा वेळ लाकडासारखी बसलेली पोर आईच्या अंगावर कोसळली. माझेही डोळे वाहत होते, पण मी आपलं पाणी भरायच्या निमित्तानं आत गेले.

आता राहिले माणिकराव. त्यांच्या रागाची मला धास्ती होती. मागावर सूत तुटलं तरी गल्लीला ऐकू जाईल असा त्यांचा आवाज. वहिनींनी फोन केला, ते आले, अर्ध्या शटरखालून वाकून आत शिरले. वहिनी सांगत होत्या तेव्हा ते गल्ल्यापाशी उभे राहून एका माळेतल्या बांगड्या पुढं-मागं सरकवत होते. तेवढाच काय तो आवाज.

केतकी म्हणाली, “पप्पा, मला जमतच नाहीये.”

माणिकरावांनी माळ सोडली. मला वाटलं, आता फुटणार. पण त्यांनी खिशातून किल्ली काढली. “गाडी काढतो,” एवढंच म्हणाले. दारात जाऊन परत फिरले, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “चल बाळा. जमत नसलं तर नसू दे.”

मी मीनलला फोन लावला. तिनं तिथल्या मनाच्या डॉक्टरांना गाठून लगेच या म्हणून कळवलं. वहिनींनी प्रज्ञाला फोनवर खरं ते सांगितलं. प्रज्ञा म्हणाली, हळद राहू दे, तुम्ही आधी जा. ती तिघं मिरजेला गेली आणि लग्नघर सांभाळायचं, म्हणजे आक्कांना तोंड द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मी जाऊन सांगितलं, दोन-दोनच्या बांगड्या दुकानातही संपल्यात, म्हणून मिरजेला गेलेत आणायला.

“दोन बांगड्यांसाठी आईबाप दोघं? हळद सोडून?”

“माप नाजूक आहे, आक्का,” मी म्हटलं आणि पुढच्या बाईचा हात ओढला. माझ्या या थापेवर त्या घरात आजही हसतात. पण आक्का काय कच्च्या नव्हत्या. दुपारी मला पुन्हा त्याच स्वयंपाकघरात गाठलं. या वेळी आवाज वेगळा होता.

“नाव नव्हतं ना?”

“नव्हतं.”

“आजारी आहे का पोर?”

“आहे. होईल बरी.”

आक्का ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मग पदर सारखा केला, बाहेर गेल्या आणि मांडवात जाहीर केलं की हळदीचा मुहूर्त संध्याकाळचा आहे, दुपारचा म्हणून सांगण्यात आपलीच चूक झाली. आयुष्यात पहिल्यांदा आक्कांनी चूक कबूल केली, आणि तीही न केलेली.

दिवेलागणीला ती तिघं आली. केतकीच्या डाव्या हाताला पट्टी होती. लोकांना सांगितलं, पोळलं. डॉक्टरांनी आधी तिच्याशी एकटीशी, मग तिघांशी बोलणं केलं होतं. गोळ्या दिल्या होत्या, एका समुपदेशक बाईंची वेळ ठरवून दिली होती. तिला एकटं ठेवू नका, तिच्या खोलीतलं काय काय उचलून ठेवा, जीव घाबरला तर कुठल्याही वेळी कुणाला फोन करायचा, हे सगळं नीट समजावलं होतं. लातूर सध्या बंद. आणि लग्नाला उभं राहायचं की नाही हे तिलाच विचारलं होतं. ती म्हणाली होती, राहायचंय.

राहिली. दुसऱ्या दिवशी करवली म्हणून कऱ्हा घेऊन बहिणीमागं उभी होती. आक्का तिला चिकटून. जेवताना आक्का, फोटोला आक्का, झोपताना शेजारी आक्का. कुणी हाताचं विचारायला आलं की आक्काच सांगायच्या, तेल उडालं, तुम्ही जेवून घ्या.

केतकी लगेच बरी झाली असं नाही. दोन वर्षं गेली तिची वर-खाली होण्यात, मिरजेच्या खेपा घालण्यात. मधे एकदा पुन्हा सगळे घाबरलो होतो. पण तेव्हा तिनं स्वतःच आईला उठवून सांगितलं. आता ती इचलकरंजीला कापडाच्या नक्ष्या काढायचं काम करते. हे सगळं सांगायची मुभा तिनंच मला दिलीय. म्हणाली, सांगत जा काकू, कुणाला तरी कुणाचा तरी हात धरायचं सुचेल.

पण माझा जीव खरा भांड्यात पडला तो त्याआधीच. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. तिनं मनात धरून ठेवलेला तो परवा.

मी दुकान उघडलं खरं, पण लक्ष सगळं रस्त्यावर. एका गिऱ्हाइकानं लाल म्हटलं तर पिवळ्या काढून दिल्या. कुणी मोठ्यानं हाक मारली तरी उठून दाराशी जायची. फोन करावा तर त्यांच्याकडे पूजा, आणि मनात भलतंसलतं. घरात आहेत सगळे तिच्याजवळ, डॉक्टरांना दाखवून झालंय, असं स्वतःलाच बजावत होते.

उन्हं कलली आणि शैलावहिनी वळणावर दिसल्या. शेजारी केतकी. मी गल्ल्यावरून उठले ते विसरूनच गेले की समोर गिऱ्हाईक आहे.

केतकीनं उजवा हात पुढं केला. “एक वाढली, काकू.” बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढली म्हणतो. पाठवणीच्या वेळी प्रज्ञानं तिला मिठी मारली, तेव्हा दोघींच्या बांगड्या एकमेकींवर आपटल्या होत्या. बाकीच्यांची जोडी मोडू नये म्हणून एवढी एक घालून घ्यायला ती आली होती.

मी साबणाचं पाणी घेतलं. सवयीनं म्हणायला तोंड उघडलं, हात सैल सोड, आणि गप्प बसले. हात सैलच होता. बांगडी सरळ आत गेली.

मला वाटलं, आता उठेल. पण ती बसून राहिली. पट्टी बांधलेला डावा हात तिनं मांडीवर घेतला होता.

“काकू, त्या दोन-दोनच्या बांगड्या खरंच आहेत का तुमच्याकडे? का मला बाहेर काढायला थाप मारली होती?”

“थापच होती,” मी म्हटलं. “पण आहेत.”

“मग ठेवा बाजूला. पट्टी निघाली की डावा हात भरायला येते.”

शैलावहिनींनी तोंडाला पदर लावला. मी घाईघाईनं फळीकडे वळले, हिरव्या दोन-दोनच्या बांगड्या उतरवल्या, कागदात गुंडाळल्या, दोरा बांधला. आणि दुसऱ्या कुणी मागू नयेत म्हणून वर पेननं तिचं नाव घातलं.